‘टोर खुद्री: आढळला’ – माशांच्या यादीतली एक ओळ कशी वाचायची?

पेट पास झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस द्यायचाय. प्राणिशास्त्रवाल्यांकडे अशा वेळी एक हमखास विषय तयार असतो: ‘अमुक धरणातील मत्स्यविविधतेचा अभ्यास’. जिल्हा कोणताही घ्या, धरण बदला, वर्ष बदला, विषय तयार. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर निवडीला तोटा नाही. नळगंगा, वान, ज्ञानगंगा, पेनटाकळी, येळगाव, खडकपूर्णा अशी कितीतरी नावं आहेत.

या विषयाची टिंगल करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाहीये. यादी करणं हे खरं संशोधन आहे. पण तशी यादी वाचताना, आणि उद्या स्वतः करताना, एक साधा प्रश्न विचारायची सवय हवी. तक्त्यात ‘टोर खुद्री: आढळला’ असं लिहिलंय. या तीन शब्दांतून मला नेमकं काय कळलं?

टोर खुद्री म्हणजे आपला दख्खनचा महाशीर. खडस, खडशी अशीही त्याची नावं आहेत. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि वाहत्या, स्वच्छ पाण्याची ओढ. हाच मासा निवडायचं कारण म्हणजे त्याच्या नावाची गोष्ट जवळपास दोनशे वर्षांची आहे, आणि तीत वर्गीकरणाच्या चुकीची किंमत एका दुसऱ्या माशाने जवळजवळ जिवानिशी मोजली आहे.

सायक्सने काय दिलं आणि काय राहिलं

विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सैन्यातला अधिकारी. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करत फिरला. पिकं, लोकसंख्या, हवामान यांबरोबर पक्षी आणि मासेही त्याने नोंदवले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये छापला गेला, आणि १८४१ मध्ये तो चित्रांसह सविस्तर आला. खुद्रीचं वर्णन त्यातलंच. पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्याने ते केलं.

आज हा निबंध वाचताना पहिली गोष्ट आवडते ती म्हणजे त्याने नावं कुठून घेतली. काही नावं लंडनच्या मित्रमंडळींची आहेत: यारेलवरून यारेली, ओगिल्बीवरून ओगिल्बी, विगर्सवरून विगर्सी. पण बरीच नावं इथल्या मासेमारांच्या तोंडची आहेत. शिंगटी, कोळस, खुद्री ही नावं त्याने रोमन लिपीत घालून थेट शास्त्रीय करून टाकली. म्हणजे नदीकाठच्या माणसाने केलेला फरक त्याने मान्य केला. मासेमार दोन माशांना दोन नावं देतात तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं, हे त्याला कळलं होतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ठिकाण. कोणती नदी, कोणत्या गावाजवळ, हे तो सांगतो. आजच्या कितीतरी याद्यांत नुसतं ‘अभ्यासक्षेत्र’ असतं. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

उणी बाजू मात्र गंभीर आहे. त्याची वर्णनं आखूड आहेत. खवल्यांची संख्या, परांचे काटे, शरीराचा साधारण आकार एवढ्यावर ती संपतात. त्या काळी एवढं पुरेसं मानलं जायचं, हे खरं. पण त्याच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. म्हणजे वाद झाला तर काचेच्या बरणीतला मासा काढून ‘हा बघा, हाच तो’ असं दाखवता येत नाही. उरतात चार ओळी आणि एक चित्र.

वर्गीकरणात नमुन्याचं काम सातबाऱ्यासारखं असतं. जमीन कुणाची याबद्दल गावात सगळ्यांना ‘माहीत’ असतं, पण भांडण लागलं की कागद लागतो. कागद नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

मुसुल्लाचं भांडण

अगदी हेच सायक्सच्या दुसऱ्या एका नावाबाबत झालं. त्याने ‘बार्बस मुसुल्ला’ नावाच्या मोठ्या दख्खनी माशाचं वर्णन केलं होतं. इकडे दक्षिणेत, कावेरीत, पाठीला वशिंड असलेला प्रचंड महाशीर होता. गळाने मासे पकडणाऱ्या शौकिनांत तो जगप्रसिद्ध. त्याला नीट शास्त्रीय नाव नव्हतं. मग कुणीतरी सायक्सचं ‘मुसुल्ला’ त्याला चिकटवलं आणि बरीच वर्षं तो ‘टोर मुसुल्ला’ म्हणून फिरला. पुढे बारकाईने पाहिल्यावर दिसलं की सायक्सचा मुसुल्ला टोर वंशातलाच नाही. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या वंशातला आहे. म्हणजे कावेरीच्या या राजाकडचं एकमेव नावही उसनं निघालं.

‘नावात काय आहे?’ असं वाटेल. बघा काय आहे ते. आययूसीएनच्या लाल यादीत एखाद्या जातीची स्थिती तपासायची तर ती जात आधी शास्त्रीयदृष्ट्या ओळखलेली असावी लागते. शासकीय संरक्षण, निधी, संशोधन प्रकल्प हे सगळं त्यानंतर. जगभरातले लोक ज्याचा फोटो भिंतीवर लावत होते, तो मासा डोळ्यांदेखत संपत चालला होता आणि कागदावर तो नव्हताच.

२०१८ मध्ये अ‍ॅड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्लॉस वन या नियतकालिकात आला. मोयार नदीतल्या वशिंडवाल्या माशांची मोजमापं आणि डीएनए त्यांनी तपासले. केरळमधल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतल्या लहान माशांवरून आधीच ‘टोर रेमादेवी’ ही जात सांगितली गेली होती. तीच ही, असं त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी लाल यादीत तिची नोंद झाली, आणि तीही थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून.

हा निबंध जरूर वाचा. प्रश्न नेमका आहे, पुरावा दोन वेगळ्या दिशांनी आणलेला आहे, आणि नवीन नाव देण्याचा मोह टाळून आधीचं नाव योग्य जागी बसवलं आहे. तरुण संशोधकाला नवी जात जाहीर करायची घाई असते. इथे जुन्या नावाचा मान राखला गेला, आणि तीच या कामाची ताकद आहे.

खुद्री कावेरीत कसा पोहोचला?

आता आपल्या माशाकडे वळू. कारण या गोष्टीत महाराष्ट्राचा हात आहे.

लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी मत्स्यबीज केंद्र आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास तिथे खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. त्यावरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे. धरणं झाली की महाशीरचा अंडी घालायला वर जाण्याचा रस्ता बंद होतो, म्हणून हातानेच बीज तयार करून नद्यांत सोडायचं हा त्यामागचा विचार. काम अतिशय मेहनतीचं होतं आणि हेतू शंभर टक्के संवर्धनाचा. पुढे लोणावळ्याची पिल्लं अनेक राज्यांत गेली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली.

कावेरीत खुद्री मूळचा नाही. तिथे तो रुजला, वाढला आणि पसरला. पिंडर मंडळींनी २०१५ मध्ये एक वेगळा निबंध लिहिला होता. त्यात कावेरीवरच्या गळशिबिरांतल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी वापरल्या आहेत. चित्र असं दिसलं: बाहेरून आलेल्या महाशीरांची संख्या वाढत गेली आणि सरासरी आकार लहान होत गेला, म्हणजे नवी पिल्लं भरपूर तयार होत होती. वशिंडवाल्यांचं उलट झालं. संख्या घटली आणि जे सापडत होते ते मोठे मोठे. मोठे मासे सापडताहेत म्हणून आनंद मानण्यासारखं यात काही नव्हतं. घरात नुसती म्हातारी माणसं उरली आहेत आणि पाळणा हललेलाच नाही, असा त्याचा अर्थ.

आता इथे थांबून टीकाकाराची टोपी घाला. हा पुरावा किती पक्का?

जमेची बाजू: शिबिरांत नुसते मासे मोजले नव्हते, किती वेळ गळ टाकला हेही लिहिलं होतं. प्रयत्नाची नोंद असल्याशिवाय ‘पूर्वी जास्त मिळायचे, आता कमी’ या वाक्याला अर्थ नसतो. शौकिनांच्या वह्यांतून विज्ञान उभं राहिलं ते या एका रकान्यामुळे.

उणी बाजू: गळाला लागणारे मासे म्हणजे नदीतले सगळे मासे नव्हेत. शौकीन ठरावीक डोहांवर बसतात, ठरावीक आमिष लावतात, लहान मासा त्यांच्या हिशेबात कमी येतो. शिवाय नोंदी सुरू झाल्या तेव्हा खुद्री आधीच नदीत होता. ‘खुद्री येण्याआधी काय होतं’ हे या आकड्यांतून दिसत नाही. म्हणून ‘एक वाढला आणि दुसरा घटला’ एवढं या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येतं. ‘एकामुळे दुसरा घटला’ हे म्हणण्यासाठी धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, पाण्याची पातळी या सगळ्या गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. निबंध वाचताना ही दोन वाक्यं वेगळी ठेवता आली, तर संशोधनाची अर्धी तयारी झाली म्हणा.

पण एक निष्कर्ष या मर्यादेतही टिकतो. ‘महाशीर सोडला’ हे वाक्य अपुरं आहे. कोणता महाशीर, कुठल्या नदीचा, कुठल्या नदीत, हे सांगितल्याशिवाय ते संवर्धन आहे की घुसखोरी हे ठरत नाही.

आफ्रिकेतला चुलतभाऊ

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. आफ्रिकेतल्या नद्या-सरोवरांत लेबिओबार्बस नावाचे मोठे बार्ब मासे आहेत. दिसायला, वागायला आपल्या महाशीरचे चुलतभाऊच. टोरच्या पेशीत १०० गुणसूत्रं असतात, तर यांच्यात सुमारे १५०. इथिओपियातल्या ताना सरोवरातले हे मासे रुपेल या जर्मन निसर्गअभ्यासकाने १८३० च्या दशकात वर्णिले, म्हणजे आपल्या सायक्सच्या आगेमागेच.

पुढे १९७३ मध्ये बॅनिस्टर यांनी पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या मोठ्या बार्बांची फेरतपासणी केली. तानातले वेगवेगळे प्रकार एकाच फार बदलत्या जातीत, ‘इंटरमीडियस’मध्ये घातले. कारण पटण्यासारखं होतं, कारण या माशांत ओठ, डोकं, शरीर यांचे आकार खरोखरच फार बदलतात. एकाच जातीत पातळ ओठांचे आणि जाड, लोंबत्या ओठांचे मासे सापडतात. पण १९९० च्या दशकात नागेलकेर्के आणि सिब्बिंग यांनी सरोवरावर राहून पाहिलं. कोण काय खातो, कोण किती खोलीवर असतो, कोण अंडी घालायला नदीत जातो. आणि २००० च्या फेरमांडणीत एकट्या तानामधून पंधरा जाती उभ्या राहिल्या. एक उंच धबधबा हे सरोवर खालच्या नाईलपासून तोडतो. त्या एकांतात या जाती घडल्या.

फरक पडला का? पडला. तिथे यांत्रिक बोटी आणि गिलनेट आल्यावर नदीच्या मुखाशी अंडी घालायला जमणारे मासे सगळ्यात आधी जाळ्यात गेले. सगळ्यांना एकच जात मानलं असतं, तर एकूण बेरजेत ही घट दबून गेली असती. जाती वेगळ्या केल्या म्हणून ‘नदीत जाणारे संपताहेत’ हे दिसलं.

आता परत बुलढाण्यात

बुलढाण्याच्या माणसाला ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे समजावून सांगायला नको. बोलीभाषा वेगळी, हवा वेगळी, पीकपाणी वेगळं. माशांच्या दृष्टीने तर हे दोन वेगळे देश आहेत. घाटाखालचं पाणी, नळगंगा, ज्ञानगंगा, वान वगैरे, पूर्णेत जातं. ही पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि पाणी अरबी समुद्रात. घाटावरची पैनगंगा वर्धेला, प्राणहितेला आणि मग गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णाही गोदावरी खोऱ्यातली. तीच पुढे येलदरीकडे जाते तेव्हा लोक तिला नुसतं पूर्णाच म्हणतात.

म्हणजे एका जिल्ह्याला दोन पूर्णा. आता एखाद्या निबंधात ‘पूर्णा नदी, बुलढाणा जिल्हा’ एवढंच लिहिलं असेल, तर मासा कोणत्या समुद्राच्या वाटेवरचा होता? अक्षांश-रेखांश दिले नसतील, तर ही नोंद वाचकाला वापरता येत नाही.

दुसरा प्रश्न ओळखीचा. तापी-नर्मदेकडच्या महाशीरला आपल्या पुस्तकांत टोर टोर म्हणतात आणि गोदावरी-कृष्णेकडच्याला टोर खुद्री. गंमत म्हणजे ‘टोर’ हे नाव हॅमिल्टनने १८२२ मध्ये उत्तर बंगालच्या महानंदा नदीतल्या माशाला दिलेलं. तिथून ते तापीपर्यंत आलं ते पुस्तकांच्या आधाराने. दोघांना वेगळं कसं करायचं? ओळखसूचीत साधारण असं असतं: डोक्याची लांबी शरीराच्या उंचीपेक्षा कमी असेल तर टोर, जवळपास तेवढीच असेल तर खुद्री. आता समजा तुमच्या हातातल्या माशाचं डोकं ९.६ सेंमी आणि उंची १०.० सेंमी आहे. कमी म्हणायचं की जवळपास सारखं? मासा लहान होता का, पोटात अंडी होती का, फॉर्मॅलिनमध्ये किती दिवस होता, यावर हे आकडे हलतात. बाजारात वर्फात ठेवलेल्या एकाच माशावरून हा निर्णय घेऊन तक्त्यात बरोबरची खूण केली, तर ती खूण म्हणजे निरीक्षण की अंदाज?

तिसरा प्रश्न बिजाचा. धरणांतल्या यादीत कटला, रोहू, मृगळ असतातच, कारण त्यांचं बीज सोडलेलं असतं. तरी कित्येक याद्यांत ते स्थानिक जातींच्या बेरजेत धरले जातात आणि शेवटी वाक्य येतं, ‘जलाशय मत्स्यविविधतेने समृद्ध आहे’. महाशीरचं बीजही राज्याराज्यांत फिरलेलं आहे. तेव्हा घाटाखाली खुद्री मिळाला, तर तो नदीचा की पिशवीतून आलेला, हे विचारल्याशिवाय ‘आढळला’ या शब्दाला काही वजन नाही.

चौथा प्रश्न, मला सगळ्यात जास्त खटकणारा: तयार वाक्यांचा. ‘सायप्रिनिडी कुळ प्रबळ आढळले’ हे जवळपास प्रत्येक यादीत असतं. दख्खनच्या कुठल्याही गोड्या पाण्यात तेच प्रबळ असणार, त्यासाठी दोन वर्षं जाळी टाकायची गरज नाही. तुमच्या धरणात जे वेगळं आहे ते सांगा. तसं काही वेगळं नसेल, तर तेही आकड्यांनिशी सांगा.

मग यादी करायचीच नाही का?

करायची. पुण्याच्या माशांवर फ्रेझरने १९४२ मध्ये आणि सुटरने १९४४ मध्ये याद्या छापल्या. त्या होत्या म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना, उदाहरणार्थ २००३ मध्ये करंट सायन्समध्ये लिहिणाऱ्या खरात आणि सहकाऱ्यांना, काय नाहीसं झालं आणि बाहेरून काय आलं हे ताडून पाहता आलं. जुनी यादी ही पुढच्याची मोजपट्टी असते, आणि मोजपट्टीवरच्या खुणाच चुकल्या तर पुढचं प्रत्येक माप चुकतं. ‘१९९० मध्ये इथे होता, आता नाही’ असं कुणी म्हणेल, तेव्हा तो १९९० मध्ये खरंच होता का याचं उत्तर त्या यादीतच असावं लागतं.

साधनं नाहीत, जिल्ह्याच्या कॉलेजात डीएनएची सोय कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण मी वर मोजलेल्या चुकांतली एकही डीएनए नसल्यामुळे झालेली नाही. मोबाइलने अक्षांश-रेखांश मिळतात. पट्टी शेजारी ठेवून बाजूने काढलेला स्वच्छ फोटो फुकट आहे. किती जाळी, कोणत्या आसाची, किती तास, हे वहीत लिहायला पैसे लागत नाहीत. परवानगी घेऊन ठेवलेला एक नमुना पुण्याला आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात देता येतो. त्याचा क्रमांक छापा, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तो जाऊन बघेल. थोडं ऊतक अल्कोहोलमध्ये ठेवलं, तर डीएनएचं काम पाच वर्षांनी दुसरं कुणी करेल. आणि धरणावरच्या भोई मंडळींशी बोला. त्यांची नावं, त्यांनी केलेले फरक जसेच्या तसे लिहा. ते सायक्सने केलं होतं. तुम्ही ते वगळण्याचं काही कारण नाही.

माणसांनी राखलेलं पाणी बघायचं असेल, तर महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाड्याकडचं तिळसे बघा. देवाचे मासे म्हणून डोहातल्या महाशीरला कुणी हात लावत नाही. तिथल्या लोकांना खुद्री आणि टोरमधला फरक सांगता येणार नाही कदाचित. पण मासा कुठला आणि पाणी कुठलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्या तक्त्यांत नेमकं तेच नसतं.

सिनॉप्सिस लिहिताना एवढंच करा. ‘अमुक धरणातील मत्स्यविविधता’ या शीर्षकाखाली एक प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य लिहा. जसं की: घाटावरच्या आणि घाटाखालच्या धरणांत बीज सोडलेल्या जाती वगळल्या तर उरतं काय, आणि ते सारखं आहे का? या प्रश्नाचं उत्तर आज कुठल्याही पुस्तकात आयतं मिळणार नाही. बुलढाण्यात राहणाऱ्याला ते एसटीच्या अंतरावर आहे.